अत्युच्च ऊर्जेच्या विश्वकिरणांचा पुरावा : वायुवर्षावांवरून काढलेल्या निष्कर्षांची चिकित्सा

अत्युच्च ऊर्जेचे विश्वकिरण कोणत्याही उपकरणात प्रत्यक्ष सापडत नाहीत; सापडतो तो त्यांनी वातावरणात घडवून आणलेला परिणाम. १०० एक्सा इलेक्ट्रॉन-व्होल्टहून अधिक ऊर्जेचा कण एका चौरस किलोमीटर क्षेत्रावर शतकभरात जेमतेम एखादा येतो. (एक एक्सा म्हणजे १० चा १८ वा घात, पुढे ‘एक्सा’ या शब्दाने एक्सा इलेक्ट्रॉन-व्होल्ट हेच परिमाण समजावयाचे आहे.) असा कण वातावरणाच्या वरच्या थरातील एखाद्या अणुकेंद्रावर आदळला की नवे कण निर्माण होतात, त्यांपासून आणखी कण, आणि अशा रीतीने वाढत गेलेला अब्जावधी कणांचा वर्षाव काही किलोमीटर विस्ताराच्या भूभागावर उतरतो. मूळ कणाची ऊर्जा, जात व दिशा या तिन्ही गोष्टी या वर्षावावरून अनुमानाने काढाव्या लागतात. यास्तव या क्षेत्रातील प्रत्येक निष्कर्षाला एक प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते : त्याचा कोणता भाग निरीक्षणातून आला आणि कोणता भाग वर्षावाविषयीच्या गृहीतांतून आला? पाठ्यपुस्तकांत व आढाव्यांत हा भेद बहुधा पुसला जातो. १९९० नंतरची तीन गाजलेली विधाने या प्रश्नाच्या कसोटीवर घासून पाहिली असता तो भेद किती निर्णायक आहे हे ध्यानात येते.

वायुवर्षावाची उपपत्ती व त्याचे निरीक्षण यांचा काळ जवळजवळ एकच आहे. १९३७ मध्ये होमी भाभा व वॉल्टर हाइटलर यांनी, आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे कार्लसन व ओपेनहायमर यांनी, इलेक्ट्रॉन व फोटॉन यांच्या परस्परजननातून कणांची संख्या पायरीपायरीने कशी वाढत जाते याचे गणित मांडले. त्यानंतर लवकरच, १९३८–३९ मध्ये, पियेर ऑजे यांनी एकमेकांपासून ३०० मीटरपर्यंत दूर ठेवलेल्या गणकांत एकाच क्षणी कण येतात असे दाखविले आणि मूळ कणाची ऊर्जा १० च्या १५ व्या घाताइतके इलेक्ट्रॉन-व्होल्ट असली पाहिजे असे अनुमान केले. १९६२ मध्ये जॉन लिन्सली यांना न्यू मेक्सिकोतील व्होल्केनो रँच येथे १०० एक्सा ऊर्जेचा म्हणून गणला गेलेला पहिला वर्षाव आढळला. एका सूक्ष्म कणाच्या ठायी सुमारे १६ ज्यूल ऊर्जा असावी, ही गोष्ट तेव्हाही विलक्षण वाटली आणि आजही वाटते.

या उपपत्तीचे दोन भाग आहेत व त्यांची विश्वसनीयता सारखी नाही. इलेक्ट्रॉन-फोटॉनांचा भाग विद्युत्-चुंबकीय क्रियांवर उभा असून त्याचे नियम पक्के ठाऊक आहेत. परंतु वर्षावाचा कणा असतो तो अणुकेंद्रांच्या टकरींतून निघणाऱ्या पायॉनादी कणांचा. १०० एक्सा ऊर्जेच्या टकरीत उपलब्ध होणारी परिणामी ऊर्जा सुमारे ४३० लक्ष कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. जिनीव्हाजवळच्या महात्वरकात प्रोटॉनांच्या टकरींत ती १३ ते १४ लक्ष कोटींच्या पलीकडे गेलेली नाही. म्हणजे वर्षावाच्या आरंभीच्या टकरींविषयी जे काही गृहीत धरले जाते, ते ज्ञात प्रदेशातील नियम अज्ञात प्रदेशात वाढवून मिळविलेले असते. पायॉनांच्या ऱ्हासातून म्यूऑन निर्माण होतात. तेव्हा म्यूऑनांची संख्या या अनिश्चित भागाशी सर्वांत निकट संबंध राखते.

निरीक्षणाच्या प्रमुख पद्धती दोन. पहिलीत जमिनीवर प्रस्फुरकांचे किंवा पाण्याच्या टाक्यांचे विस्तीर्ण जाळे उभारून वर्षावातील कणांची घनता मोजतात. हे जाळे अहोरात्र चालते. परंतु घनतेवरून ऊर्जा काढण्यास गणकयंत्रावर रचलेल्या कृत्रिम वर्षावांचा आधार घ्यावा लागतो. दुसरीत वर्षावामुळे हवेतील नायट्रोजन उद्दीपित होऊन जो मंद अनुस्फुरण-प्रकाश देतो, तो दुर्बिणींनी टिपला जातो. येथे वातावरण हेच ऊर्जामापक होते, आणि टकरींविषयीच्या गृहीतांवर फारसे विसंबावे लागत नाही. तथापि ही पद्धती निरभ्र, चांदणे नसलेल्या रात्रींतच चालते. एकूण काळापैकी सुमारे १५ टक्केच काळ हाती लागतो, आणि हवेच्या पारदर्शकतेची सतत नोंद ठेवावी लागते. एकीचे बळ तेच दुसरीचे वैगुण्य आहे.

पहिले विधान ऊर्जेच्या मर्यादेविषयी आहे. १९६५ मध्ये विश्वव्यापी सूक्ष्मतरंग प्रारणाचा शोध जाहीर झाला. पुढच्याच वर्षी ग्रायझेन यांनी, तसेच झात्सेपिन व कुझ्मिन यांनी असे दाखविले की सुमारे ५० एक्साहून अधिक ऊर्जेचा प्रोटॉन या प्रारणातील फोटॉनांशी टकरून पायॉन निर्माण करतो व आपली ऊर्जा गमावत जातो. म्हणून दूरवरून येणाऱ्या प्रोटॉनांची संख्या या ऊर्जेच्या पुढे झपाट्याने घटली पाहिजे. जपानमधील अकेनो येथील १११ प्रस्फुरकांच्या, १०० चौरस किलोमीटरांवर पसरलेल्या ‘अगासा’ जाळ्याने १९९० पासून २००४ पर्यंत निरीक्षणे केली व १०० एक्साच्या वर ११ वर्षाव नोंदविले. घट दिसली नाही. या निष्कर्षावर सिद्धांतांचे मोठे पीक आले : विश्वाच्या आरंभीच्या महाजड कणांचा ऱ्हास, इतकेच नव्हे तर विशिष्ट सापेक्षतेचा भंगही सुचविला गेला. उलटपक्षी, अमेरिकेतील युटा येथे अनुस्फुरण-पद्धतीने काम करणाऱ्या ‘हायरेस’ प्रकल्पाने २००८ मध्ये घट स्पष्ट दिसते असे प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी अर्जेंटिनातील पियेर ऑजे वेधशाळेने त्यास दुजोरा दिला.

हा वाद केवळ अधिक निरीक्षणांनी मिटला असे म्हणणे अपुरे होईल. मालार्ग्वेजवळच्या ऑजे वेधशाळेत ३,००० चौरस किलोमीटरांवर पाण्याच्या १,६०० हून अधिक टाक्या दीड दीड किलोमीटर अंतरावर मांडल्या आहेत व सभोवार अनुस्फुरण-दुर्बिणी आहेत. जे वर्षाव दोन्ही पद्धतींनी एकाच वेळी दिसतात, त्यांच्यावरून टाक्यांचे ऊर्जामापन जुळवून घेतले जाते. कृत्रिम वर्षावांचा आधार त्यामुळे फारसा लागत नाही. याच तत्त्वावर युटातील ‘टेलिस्कोप अ‍ॅरे’ २००८ पासून काम करीत आहे. तेथील ५०७ प्रस्फुरकांवरून कृत्रिम वर्षावांच्या साहाय्याने काढलेली ऊर्जा अनुस्फुरणावरून मिळणाऱ्या ऊर्जेच्या १.२७ पट भरते, असे तेथील संशोधकांनीच दाखवून दिले आहे. ऊर्जेच्या तिसऱ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात संख्या घटत असेल, तर ऊर्जेतील एवढ्या फरकाने एखाद्या मर्यादेच्या वरच्या वर्षावांची संख्या दीडपटीहून अधिक फुगते. अगासाची उपकरणे याच जातीची होती. सापेक्षतेच्या भंगापर्यंत ज्याची मजल गेली, त्या आधिक्याचा बराच अंश मापनपट्टीतच दडलेला असणे संभवते, हा धडा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

परंतु घट सिद्ध झाली म्हणून १९६६ चे भाकीत सिद्ध झाले, असे जे अनेकदा लिहिले जाते तेही तपासले पाहिजे. घट हे निरीक्षण आहे. तिचे कारण हा अन्वयार्थ आहे. विश्वकिरणांना वेग देणाऱ्या उगमांचेच सामर्थ्य त्याच सुमारास संपत असेल, तरी वर्णपट तसाच खाली येईल. शिवाय भाकीत प्रोटॉनांसाठी होते. किरण जड अणुकेंद्रांचे असल्यास ऱ्हासाची क्रिया निराळी असते. या दोहोंतून निवड करण्यास वर्णपट एकटा पुरेसा नाही. कणांची जात कळली पाहिजे.

दुसरे विधान उगमांविषयीचे. नोव्हेंबर २००७ मध्ये ऑजे वेधशाळेने असे प्रसिद्ध केले की ५७ एक्साच्या वरील २७ किरणांपैकी २० किरण, सुमारे ७५ मेगापार्सेकांच्या आतील क्रियाशील केंद्रे असलेल्या दीर्घिकांपासून ३.१ अंशांच्या आत आढळतात. या कामाची पद्धती सदोष नव्हती. कोन, अंतर व ऊर्जामर्यादा आरंभीच्या निरीक्षणांवरून आधी ठरविल्या होत्या आणि नंतर मिळालेल्या नव्या निरीक्षणांवर त्या अजमावल्या : १३ पैकी ८ जुळले, योगायोगाने २.७ जुळावयास हवे होते. तरीही २००९ अखेरपर्यंतच्या सामग्रीत हे प्रमाण ५५ पैकी २१, म्हणजे ३८ टक्क्यांवर आले. योगायोगाची अपेक्षा २१ टक्के होती. प्रमाणिक कसोटी पार पाडलेला निष्कर्षही तेरा घटनांच्या बळावर किती भार पेलू शकतो याचे हे उदाहरण होय.

येथे एक अंतर्गत विसंगतीही होती. किरण तीन अंशांत आपल्या उगमाकडे बोट दाखवितात असे मानावयाचे, तर ते हलके, एक विद्युत्-भाराचे असले पाहिजेत; लोखंडाच्या अणुकेंद्राचा भार २६ असल्याने आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्रात ते त्याच ऊर्जेच्या प्रोटॉनाच्या २६ पट वळते. आणि त्याच वेधशाळेची २०१० मध्ये प्रसिद्ध झालेली दुसरी निरीक्षणे तर वाढत्या ऊर्जेबरोबर किरण जड होत जातात असे सुचवीत होती. दोन निष्कर्ष वेगवेगळ्या निबंधांत सुखाने नांदत होते; ते शेजारी ठेवून वाचण्याचे काम वाचकावर पडले.

याच्याशी २०१७ मधील विधानाची तुलना उद्बोधक ठरेल. ८ एक्साच्या वरील ३२ हजारांहून अधिक वर्षावांवरून ऑजे गटाने दाखविले की किरणांची तीव्रता सर्व दिशांस सारखी नसून तीत सुमारे ६.५ टक्के आयामाचा द्विध्रुवी फरक आहे, आणि आधिक्याची दिशा आकाशगंगेच्या केंद्रापासून सुमारे १२५ अंश दूर आहे. येथे एकाही दीर्घिकेचे नाव घेतलेले नाही. केवळ एवढाच निष्कर्ष काढला आहे की हे किरण आकाशगंगेच्या बाहेरून येतात. आणि तो टिकून आहे.

तिसरे विधान कणांच्या जातीविषयी आहे आणि येथेच अनुमानाची शृंखला सर्वांत नाजूक आहे. जड अणुकेंद्राची ऊर्जा त्याच्या घटकांत वाटली गेल्याने त्याचा वर्षाव लवकर, म्हणजे अधिक उंचीवर, पूर्णत्वास पोचतो. प्रोटॉन व लोखंड यांच्या वर्षावांच्या शिखरांत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १०० ग्रॅम हवेचा फरक पडतो. शिखराची खोली अनुस्फुरणाने प्रत्यक्ष मोजता येते. सुमारे २ एक्सापर्यंत किरण हलके होत जातात व त्यापुढे जड, हा ऑजेचा निष्कर्ष त्या मोजणीवर आधारलेला आहे. मात्र खोलीवरून जात ठरविताना टकरींचे तेच अनिश्चित गणित पुन्हा मध्ये येते. ते गणित पूर्णतः बरोबर नाही याचा पुरावाही त्याच निरीक्षणांत आहे : प्रत्यक्ष वर्षावांत म्यूऑन कृत्रिम वर्षावांपेक्षा अधिक आढळतात. २०१६ मधील एका विश्लेषणात निरीक्षणाशी मेळ घालण्यास म्यूऑनजनक भाग सुमारे एकतृतीयांशाने वाढवावा लागला. शिखराच्या खोलीवरून एक जात निघावी आणि म्यूऑनांवरून त्याहून जड जात निघावी, अशी स्थिती असता ‘किरण अमुक जातीचे आहेत’ हे वाक्य निरीक्षण म्हणून लिहिणे योग्य नव्हे. ऑजेच्या टाक्यांवर प्रस्फुरक व रेडिओ-शोधक बसविण्याचा उपक्रम म्यूऑनांना वेगळे मोजण्यासाठीच हाती घेण्यात आला.

म्यूऑनांचे हे महत्त्व भारतीय संशोधनास अपरिचित नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या नेतृत्वाखाली उटी येथे सुमारे २,२०० मीटर उंचीवर चालणाऱ्या ‘ग्रेप्स-३’ प्रयोगात प्रस्फुरकांच्या जोडीला ५६० चौरस मीटरांची म्यूऑन-दुर्बीण आहे. त्याचा ऊर्जाप्रदेश येथे चर्चिलेल्या ऊर्जेहून बराच खालचा आहे. म्यूऑनांच्या संख्येवरून प्रोटॉनांचे वर्षाव निवडून प्रोटॉनांच्या वर्णपटाला सुमारे १६६ लक्ष कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टजवळ बाक येतो, असे २०२४ मध्ये तेथे दाखविले गेले. ज्या ऊर्जांवर टकरींचे नियम प्रयोगशाळेत ताडता येतात, तेथे म्यूऑनांचे गणित पारखून घेणे हा वरच्या प्रदेशातील कोडे सोडविण्याचा एक मार्ग आहे.

या सर्व चर्चेवरून वायुवर्षावांचा पुरावा संशयास्पद ठरतो, असा आक्षेप येऊ शकेल. तो टिकणारा नाही. दोन स्वतंत्र पद्धतींनी एकमेकींस तपासून जे दिले आहे, ते भक्कम आहे : १०० एक्साचे किरण अस्तित्वात आहेत, सुमारे ५० एक्सापुढे त्यांची संख्या घटते, आणि ८ एक्साच्या वरील किरण आकाशगंगेबाहेरचे आहेत. जेथे एकच पद्धती किंवा एकच घटना बोलते, तेथे मात्र हात आखडता घ्यावा लागतो. २७ मे २०२१ रोजी टेलिस्कोप अ‍ॅरेच्या भूपृष्ठीय जाळ्यात सुमारे २४४ एक्साचा वर्षाव नोंदला गेला. त्याची दिशा दीर्घिकांचा अभाव असलेल्या पोकळीकडे जाते, म्हणून त्याभोवती लगेच नवनव्या कल्पना जमा झाल्या. परंतु कण जड असेल तर तो किती वळला हे सांगता येत नाही. आणि ऊर्जेच्या पद्धतिजन्य त्रुटीची खालची बाजू ७६ एक्साइतकी आहे. अगासाच्या अकरा वर्षावांचा इतिहास समोर असता या एका वर्षावावर सिद्धांताची इमारत उभारणे धाडसाचे होईल.

पदव्युत्तर अभ्यासकाने या विषयाचा निबंध वाचताना ऊर्जेच्या आकड्याआधी तो कोणत्या पद्धतीने मिळाला, त्याचे मापन कशाशी जुळविले आणि त्यात टकरींचे कोणते गणित गृहीत धरले, हे शोधावे. ही माहिती निबंधात बहुधा दिलेली असते, पण ती सारांशात उतरत नाही; आणि बहुसंख्य वाचकांचे वाचन सारांशापाशी थांबते.