‘इकारस’ : पंख कोणाचे, पतन कोणाचें ?

ब्रायन फोगेल ह्या अमेरिकन दिग्दर्शकाचा ‘इकारस’ हा अनुबोधपट २०१७ सालीं प्रथम दाखविण्यांत आला आणि पुढल्याच वर्षीं त्यास त्या वर्गांतलें ऑस्कर पारितोषिक मिळालें. त्याची स्तुति त्या वेळीं पुष्कळ झाली व ती बव्हंशीं योग्यच होती. परंतु त्या कोलाहलांत एक प्रश्न मागें राहून गेला, आणि ज्या विषयावर हा पट उभारलेला आहे त्याच्या दृष्टीनें तो गौण खास नव्हे. खेळाडूच्या शरीरांत निषिद्ध द्रव्य सांपडलें म्हणजे दोष कोणाचा, आणि दोष ठरविणारांचा दोष ठरवावयाचा कोणीं ? ह्या प्रश्नाच्या कसोटीस हा पट कितपत उतरतो, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

कथाभाग थोडक्यांत असा. फोगेल हा स्वतः हौशी सायकलपटु. लान्स आर्मस्ट्राँग हा वर्षानुवर्षें उत्तेजक द्रव्यें घेऊनहि तपासण्यांतून सुटत राहिला, हें पाहून त्याच्या मनानें घेतलें कीं, तपासणीची ही पद्धतिच पोकळ आहे कीं काय तें आपल्या देहावर प्रयोग करून पाहावें. आल्प्स पर्वतांतील एक शर्यत त्यानें प्रथम कोणतेंहि द्रव्य न घेतां पुरी केली. दुसऱ्या वर्षीं तीच शर्यत तो द्रव्यें घेऊन धांवला. गंमत अशी कीं, सायकल बिघडल्यामुळें दुसऱ्या खेपेस त्याचा क्रमांक उलट खालीं गेला ! प्रयोग फसला खरा. पण त्या निमित्तानें त्यास जो सल्लागार लाभला तो मॉस्को येथील उत्तेजकविरोधी प्रयोगशाळेचा संचालक ग्रिगोरी रोदचेन्कोव्ह. चोर पकडण्यासाठीं नेमलेला हा गृहस्थ चोरी पचवावी कशी, तें हंसत हंसत शिकवितो ! इतक्यांत, २०१५ च्या नोव्हेंबरांत, ‘वाडा’ ह्या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेनें नेमलेल्या स्वतंत्र आयोगाचा अहवाल बाहेर पडला. तपासनीस येण्यापूर्वीं ह्याच संचालकानें १,४१७ नमुने नष्ट केले, असें त्यांत नमूद होतें. रोदचेन्कोव्ह राजीनामा देऊन अमेरिकेस पळाला आणि एका सायकलस्वाराची गोष्ट पाहतां पाहतां एका राष्ट्राच्या कपटाची गोष्ट बनली.

ह्यापुढचा भाग एखाद्या उत्कृष्ट रहस्यकथेस शोभणारा आहे. २०१४ च्या सोची ऑलिंपिकांत रात्रीच्या वेळीं प्रयोगशाळेच्या भिंतींतील एका भोकांतून मूत्राच्या बाटल्या पलीकडे जात. उघडतां येणार नाहींत अशी ज्यांची ख्याति, त्या बाटल्यांचीं झांकणें गुप्त पोलिसांचीं माणसें उघडीत. आणि खेळाडूंनीं महिन्यांपूर्वीं देऊन ठेवलेलें निर्मळ मूत्र त्यांत भरून बाटल्या परत येत. मॅक्लारेन ह्यांच्या २०१६ च्या अहवालांनीं ह्या कथनास पुष्टि दिली. एक हजारांहून अधिक खेळाडूंस ह्या कारस्थानाचा लाभ मिळाला, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा सर्व भाग फोगेलनें विलक्षण पकडीनें मांडला आहे. रोदचेन्कोव्हचें चित्रण तर अविस्मरणीयच. तो विनोदी आहे, भित्रा आहे, विद्वान् आहे, अपराधी आहे. आणि ह्यांपैकीं कोणताहि एक रंग दुसऱ्यास झांकून टाकीत नाहीं.

परंतु पट संपल्यावर मनाशीं आढावा घेऊं लागलें म्हणजे एक उणीव जाणवूं लागते. ह्या पटांत शास्त्रज्ञ आहेत, अधिकारी आहेत, मंत्री आहेत, वकील आहेत. खेळाडू मात्र जवळजवळ नाहीं. बाटल्यांवर क्रमांक दिसतात, त्या क्रमांकामागचीं माणसें दिसत नाहींत. कॅनडाची बेकी स्कॉट २००२ सालीं सॉल्ट लेक सिटी येथें तिसरी आली. तिच्या पुढच्या दोघी रशियन स्पर्धक बाद ठरून सुवर्णपदक तिच्या हातीं पडलें तें २००४ सालीं. विजयाचा क्षण कोणासहि दोन वर्षांनीं परत देतां येत नाहीं. अशा स्पर्धकांची कथा येथें कथा म्हणून येतच नाहीं. आणि संशयाच्या जाळ्यांत सांपडलेल्या, पण अपराध सिद्ध न झालेल्या खेळाडूचीहि येत नाहीं.

ही उणीव केवळ कलेची नव्हे. जागतिक संहितेचा मूलभूत नियम असा कीं, आपल्या शरीरांत जें सांपडेल त्यास खेळाडू स्वतः जबाबदार. त्याचा हेतु काय होता, हें पाहण्याचें कारण नाहीं. दुसरा नियम असा कीं, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेनें आपलें काम रीतीप्रमाणेंच केलें असें गृहीत धरावें. तसें नसल्यास तें दाखविण्याचा भार खेळाडूवर. आतां मॉस्कोची प्रयोगशाळा मान्यताप्राप्त होती, सोचीचीहि होती. म्हणजे ज्या गृहीतावर सारा न्याय उभा, तें गृहीतच तेथें खोटें होतें ! ‘इकारस’मधील सर्वांत भयंकर सत्य हेंच आहे, पण रहस्याच्या ओघांत दिग्दर्शकानें तें उचललें नाहीं.

हा नियम खेळाडूवर कसा उतरतो, ह्याचें उदाहरण आपल्यास दूर शोधावयास नको. तीन वेळां ‘महाराष्ट्र केसरी’ झालेला मल्ल नरसिंग यादव हा २०१६ च्या रिओ ऑलिंपिकासाठीं निवडला गेला होता. जूनअखेर घेतलेल्या तपासणींत त्याच्या शरीरांत मेथॅन्डिएनोन हें द्रव्य आढळलें. सोनीपतच्या शिबिरांत कोणी तरी आपल्या अन्नपाण्यांत तें मिसळलें, असें त्याचें म्हणणें. राष्ट्रीय मंडळानें तें मान्य करून ऑगस्टच्या आरंभीं त्यास निर्दोष ठरविलें. ‘वाडा’नें अपील केलें, आणि १८ ऑगस्ट रोजीं, कुस्तीच्या आदल्या दिवशीं, क्रीडा लवादानें चार वर्षांची बंदी घातली. पाण्यांत मिसळलेल्या पुडीचें हें लक्षण नसून गोळी पोटांत गेल्याचें आहे, अशी तज्ज्ञाची साक्ष झाली होती. घातपाताचा पुरावा लवादास पटला नाहीं.

नरसिंग निर्दोष होता असें मीं म्हणत नाहीं. त्या साक्षीचें वजन नाकारतां येण्यासारखें नाहीं. ‘कोणी तरी मिसळलें’ एवढ्या उत्तरावर सुटका होऊं लागली तर प्रत्येक अपराधी तेंच उत्तर देईल, हेंहि खरें. पण दोन पक्षांचीं साधनें तरी पाहावींत. एका बाजूस प्रयोगशाळा, तज्ज्ञ, कायदेपंडित. दुसऱ्या बाजूस परदेशांत, कुस्तीच्या तोंडावर, सोनीपतच्या भटारखान्यांत दोन महिन्यांपूर्वीं काय घडलें तें सिद्ध करूं पाहणारा एक मल्ल. नियम योग्य असूनहि त्याचा भार विषम असूं शकतो, हें ह्यावरून दिसतें.

मग नियमच टाकून द्यावयाचा काय ? मुळींच नाहीं. मात्र येथें दोन गोष्टींचा भेद केला पाहिजे. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकांत रुमानियाच्या सोळा वर्षांच्या आंद्रेआ रदुकानला संघाच्या डॉक्टरनें सर्दीवर दिलेल्या गोळींत निषिद्ध द्रव्य निघालें. तिचें सुवर्णपदक गेलें. परंतु तिच्यावर बंदी आली नाहीं, शिक्षा डॉक्टरला झाली. पदक काढून घेणें कठोर होतें, तरी त्यांत न्याय होता. कारण तिच्याशीं स्पर्धा करणारींचाहि शर्यतीवर हक्क होता. पदक परत घेण्यास अपराध लागत नाहीं. माणसाच्या नांवास कलंक लावून त्याचीं उमेदीचीं वर्षें हिरावून घेण्यास मात्र अपराध लागला पाहिजे, आणि तो दाखविण्याचें ओझें केवळ एकाच्या खांद्यावर असूं नये.

फोगेलच्या पटानंतर जें घडलें तें ह्या दृष्टीनें बोधप्रद आहे. २०१८ च्या फेब्रुवारींत क्रीडा लवादानें २८ रशियन खेळाडूंवरील शिक्षा रद्द केल्या. कट झाला असला तरी त्या त्या व्यक्तीविरुद्धचा पुरावा अपुरा, असें कारण दिलें. कटाच्या काळीं क्रीडामंत्री असलेल्या विताली मुत्को ह्यांच्यावर ऑलिंपिक समितीनें २०१७ सालीं जन्माची बंदी घातली होती ; २०१९ सालीं तीहि लवादानें उठविली. पहिल्या निर्णयानें व्यक्तीचा न्याय समूहाच्या पापावरून करूं नये हें तत्त्व राखलें. दुसऱ्यानें मात्र मनांत शल्य राहतें. कारण वरच्यास गांठण्याजोगा दोर ह्या कायद्यांत अजून वळलेलाच नाहीं.

म्हणून पटाच्या नांवाचाच पुन्हां विचार करावासा वाटतो. ग्रीक पुराणांत मेणाचे पंख घडविले बापानें, डीडॅलसनें. ते लावून सूर्याजवळ गेला आणि समुद्रांत बुडाला तो मुलगा, इकारस. घडविणारा सुखरूप पैलतीरास पोंचला ! फोगेलच्या पटांत इकारस कोण, ह्याचें उत्तर बहुतेक प्रेक्षक रोदचेन्कोव्ह असें देतील. मला तो डीडॅलसच वाटतो, पश्चात्तापानें पोळलेला का होईना. इकारस हा त्या क्रमांक घातलेल्या बाटल्यांमागें कोठें तरी आहे, आणि पटानें त्याच्याकडे पाहिलेलें नाहीं. आपल्या रामायणांतहि सूर्याकडे उडालेल्या दोन पक्ष्यांची कथा आहे. जटायु पोळूं लागला तेव्हां थोरल्या संपातीनें त्याच्यावर आपले पंख पसरले, आणि जळले ते त्याचेच. जबाबदारी ह्या शब्दाचा अर्थ त्या कथेंत आहे. डॉक्टर, मार्गदर्शक, संघटना आणि प्रयोगशाळा ह्यांच्याकडून तेवढ्या त्यागाची अपेक्षा कोणी करीत नाहीं. पण उन्हाचा कांहीं वांटा त्यांनींहि सोसावा, एवढें मागणें अवास्तव म्हणतां येईल काय?

ज्यांच्या घरीं मुलेंमुली मैदानावर जातात, त्यांनीं ‘इकारस’ अवश्य पाहावा ; आणि पाहून झाल्यावर, त्यांत न दिसलेल्या खेळाडूविषयीं घरांत चार शब्द बोलावेत.