बर्फाच्या आतला थर

जॉन ब्रँचचा 'स्नो फॉल' हा रिपोर्ताज डिसेंबर 2012मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या संकेतस्थळावर आला, तेव्हा चर्चा झाली ती त्याच्या सजावटीची. पान उघडताच भुरभुरणारा बर्फ, स्क्रोल करत गेलं की डोंगरावरून फिरणारा कॅमेरा, हलते नकाशे. न्यूजरूममध्ये 'स्नोफॉल करणं' असं क्रियापदच रूढ झालं. पुढच्या वर्षी पुलित्झरही मिळालं. मला मात्र या लेखाची ताकद जिथे काहीच हलत नाही तिथे दिसते.

घटना अशी. 19 फेब्रुवारी 2012. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातली कॅस्केड पर्वतरांग. स्टीव्हन्स पास या स्की-केंद्राच्या हद्दीबाहेर, टनेल क्रीकच्या उतारावर 16 जण गेले. व्यावसायिक स्कीपटू, स्कीवर लिहिणारे पत्रकार, केंद्रातली माणसं. नवशिकं जवळपास कुणीच नाही. ताजा बर्फ भरपूर पडलेला, आणि हिमस्खलनाचा धोका असल्याचा अंदाजही जाहीर झालेला. तिघांचा जीव गेला.

बर्फाची घडण ब्रँच फार छान उलगडतो. निरभ्र, थंड रात्री बर्फाच्या पृष्ठभागावर पिसांसारखे नाजूक स्फटिक धरतात, गोठलेल्या दवासारखे. त्यांच्यावर नवा बर्फ पडला की ते दिसेनासे होतात, पण आत तसेच उभे राहतात. वरचा बर्फ घट्ट होत जातो, खाली हा ठिसूळ थर. पत्त्यांच्या बंगल्यावर गादी टाकावी तसं. मग एका माणसाचं वजनही पुरतं, आणि वरचा अख्खा थर लादीसारखा तुटून सुटतो. आपला 'हिमस्खलन' हा शब्द इथे मला अपुरा वाटतो. त्यातून वाटतं, बर्फ आपणहून घसरला. माणसं दगावतात तेव्हा बहुतेकदा तो सोडवणारं त्यांच्यातलंच कुणीतरी असतं.

या 16 जणांचंही तसंच. गट फार मोठा झालाय, असं एकाहून अधिक जणांच्या मनात आलं होतं. हे त्यांनी नंतर सांगितलं. तेव्हा बोललं कुणी नाही. एवढी जाणती मंडळी आहेत, त्यांनी विचार केलाच असेल! ब्रँच या कबुल्या एकमेकींशेजारी ठेवतो आणि स्वतः शेरा मारत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर जमलेल्या ग्रुपबरोबर भर पावसात सह्याद्रीत ट्रेकला गेलेल्यांना ही शांतता ओळखीची वाटेल.

तक्रार एकच, पण मोठी. लेख सुरू होतो तो बर्फाच्या लोटात सापडलेल्या स्कीपटूपासून. त्यामुळे पुढे सकाळची थट्टामस्करीसुद्धा अपशकुनी वाटू लागते. त्यात तो कॅमेरा! माथ्यावर उभ्या माणसाला उतार इतका सलग दिसत नाही. आपल्याला तो दाखवला, की त्यांचा निर्णय आपोआप मूर्खपणाचा ठरतो आणि आपण स्वतःला शहाणे समजून मोकळे होतो.

म्हणून दुसऱ्यांदा वाचताना व्हिडिओ आला की मी अंगठ्याने पुढे सरकत गेले. नुसता मजकूर वाचला, तर निघण्याआधीची माथ्यावरची ती काही मिनिटं सगळ्यात लांब वाटतात.