मच्छानू आणि मकरध्वज : ‘रामकियेन’च्या वाचनातील एक अडचण

थाई लोकांच्या ‘रामकियेन’ या महाकाव्याचा विचार करताना भारतीय वाचकाचे मन सामान्यतः दोन टोकांपैकी एकाकडे झुकते. एक टोक अभिमानाचे. 1926 साली कलकत्त्यात स्थापन झालेल्या ‘ग्रेटर इंडिया सोसायटी’ने बृहत्तर भारताची जी कल्पना रूढ केली, तिच्या प्रकाशात सयामातील रामकथा म्हणजे भारताच्या सांस्कृतिक विजयाचे एक चिन्ह ठरते. दुसरे टोक नाराजीचे. त्या काव्यात सीता रावणाची कन्या आहे आणि हनुमान अनेक स्त्रियांशी रममाण होतो, म्हणून ती रामकथेची विकृती होय, असे म्हटले जाते. वस्तुतः दोन्ही मतांचे गृहीत एकच आहे : मूळ ते आपले आणि इतरांपाशी असेल ती त्याची बरीवाईट नक्कल. (सीता रावणकन्या असल्याची कथा गुणभद्राच्या जैन ‘उत्तरपुराणा’तही आहे, याचा विसर येथे सोयीस्करपणे पडतो.) हे गृहीत किती लंगडे आहे ते तपासण्यासाठी बँकॉकला जाण्याची आवश्यकता नाही. सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर त्यासाठी पुरेसे आहे.

सांगोला तालुक्यातील नाझरे गावच्या श्रीधरकवीने पंढरपुरात शके 1625 मध्ये, म्हणजे इ. स. 1703 मध्ये, ‘रामविजय’ पूर्ण केला. एकनाथांच्या ‘भावार्थरामायणा’चा वारसा त्याच्यामागे होता. खेड्यापाड्यांतील मराठी श्रोत्यांना रामकथा कळली ती बव्हंशी या पोथीतून. त्या कथेत अही-मही राक्षस रामलक्ष्मणांना पाताळात नेतात, मारुती त्यांच्या शोधार्थ जातो, आणि पाताळाच्या वाटेवर मकरध्वज त्याला अडवतो. हा मकरध्वज मारुतीचाच पुत्र. लंकादहनानंतर मारुतीच्या अंगावरचा घाम समुद्रात पडला, तो एका मगरीने गिळला आणि तिला हा पुत्र झाला. या प्रसंगातील काहीही वाल्मीकिरामायणात नाही. ‘रामकियेन’ला विकृती म्हणावयाचे तर तोच निकष श्रीधरालाही लावावा लागेल, आणि ते धाडस आजवर कोणा मराठी समीक्षकाने मनावर घेतलेले दिसत नाही.

श्रीधराच्या पोथीनंतर सुमारे 94 वर्षांनी सिद्ध झालेल्या थाई काव्यात नेमका हाच प्रसंग येतो. थाई राजधानी अयुथ्या (हे नाव अयोध्येचेच) 1767 साली ब्रह्मी सैन्याने उद्ध्वस्त केली. तिच्याबरोबर पुष्कळशी ग्रंथसंपदा नष्ट झाली. 1782 मध्ये बँकॉक येथे नवे राजघराणे स्थापन करणाऱ्या पहिल्या रामाने 1797 मध्ये ‘रामकियेन’ची रचना आपल्या आश्रयाखाली सिद्ध केली. विस्कटलेल्या राज्याला पूर्वस्मृतीची जोड देणे हा तिचा एक हेतू होता. मरकत बुद्धाच्या मंदिराच्या ओवऱ्यांत हीच कथा 178 भित्तिचित्रांतून रंगविलेली आहे.

या काव्यात राक्षसाचे नाव मैयराप आणि द्वारपालाचे मच्छानू. मच्छानूची आई सुवर्णमत्स्या ही दशकंठाची, म्हणजे रावणाची, कन्या. सेतूचे दगड मासे पळवितात, त्यांचा शोध घेण्यासाठी हनुमान समुद्रात बुडी मारतो, तेव्हा या मत्स्यकन्येशी त्याची गाठ पडते आणि विरोधाचे रूपांतर अनुरागात होते. पित्याच्या भयाने ती नवजात मुलाला किनाऱ्यावर सोडते. तो मैयरापाला सापडतो व तो त्याला पुत्रवत् वाढवतो. मुलाचे शरीर वानराचे, शेपूट माशाचे.

दोन्ही कथांत पितापुत्रांचे युद्ध होते. परंतु ओळख पटण्याची रीत भिन्न आहे, आणि समीक्षकाने थांबावयाचे ते येथे. मराठी कथेत चकित होतो तो पिता. आपण ब्रह्मचारी असता हा पुत्र कोठून, या प्रश्नाने मारुती गोंधळतो आणि घामाच्या थेंबाची हकीकत त्याची सुटका करते. त्यात थोडा विनोदही आहे, आणि कीर्तनकार तो वाया जाऊ देत नाहीत. थाई काव्यात चकित होतो तो पुत्र. हनुमान जांभई देतो आणि त्याच्या मुखातून चंद्र व तारे प्रकट होतात. त्यावरून आपला पिता हाच, अशी मच्छानूची खात्री पटते. मग हनुमान त्याला मैयरापाच्या नगरीचा मार्ग विचारतो, आणि प्रसंगाला खरी धार येते. जन्मदात्याला नकार देता येत नाही आणि पालनकर्त्याचा विश्वासघातही करता येत नाही. मच्छानू मार्ग सांगत नाही. तो कोड्यात बोलतो. त्या कोड्यावरून हनुमान कमळाच्या देठातून पाताळात उतरतो.

थाई भाषेत उपकाराची जाण ठेवण्याला ‘कतन्यू’ म्हणतात. पाली ‘कतञ्ञू’, संस्कृत ‘कृतज्ञ’ हाच तो शब्द. थेरवादी बौद्ध समाजात त्याचे मोल फार मोठे आहे. मच्छानूचा पेच या शब्दातून जन्मलेला आहे. ब्रह्मचर्यरक्षण हा प्रश्नच त्या समाजापुढे नाही, कारण तेथील हनुमान हा गावाच्या वेशीवर शेंदूर लावून पुजिला जाणारा देव नसून राजाचा पराक्रमी, चतुर आणि रसिक सेनानी आहे. म्हणून घामाच्या थेंबाची योजना तेथे निरर्थक ठरली असती. नाट्यदृष्ट्या पाहता या एका प्रसंगात थाई कवी श्रीधरापेक्षा सरस आहे, हे मान्य करावे लागते.

याचा अर्थ त्याच्या सर्वच भरी समर्थनीय आहेत असा नव्हे. बिभीषणाची कन्या बेन्यकाय सीतेच्या शवाचे सोंग घेऊन नदीतून तरंगत येते, तो भाग उत्कृष्ट आहे. रामाच्या शोकावर विश्वास न ठेवता हनुमान ते शव चितेवर ठेवतो आणि सोंग उघडे पडते. मात्र हनुमानाचे त्यापुढचे प्रणयप्रसंग एकाच साच्यातून निघाल्यासारखे वाटतात. ते वाचण्यापेक्षा ‘खोन’ या मुखवट्यांच्या नृत्यनाट्यातच शोभावेत.

काव्याचे प्रयोजन येथे महत्त्वाचे ठरते. श्रीधराची पोथी पारायणासाठी आहे. तिच्या श्रवणाला फलश्रुती आहे. ‘रामकियेन’च्या अखेरीस याच्या अगदी उलट सूचना आढळते : हे काव्य उत्सवप्रसंगासाठी रचले आहे, ऐकणाऱ्या-पाहणाऱ्याने त्यात गुंतून न जाता अनित्यतेचे भान ठेवावे, असा तिचा आशय आहे. ज्या ग्रंथाचा कर्ता स्वतःच श्रद्धेची मागणी करीत नाही, त्याच्यावर श्रद्धाभंगाचा आरोप ठेवणे न्याय्य नव्हे. सत्यव्रत शास्त्री यांनी 1990 मध्ये ही थाई कथा ‘श्रीरामकीर्तिमहाकाव्यम्’ या नावाने संस्कृतात आणली, तेव्हा थाई कथा ही स्वतंत्र वस्तू म्हणूनच त्यांनी स्वीकारली होती.

मराठी अभ्यासकांपुढे एक निश्चित काम मात्र शिल्लक आहे. बंगालीत कृत्तिवासाने महिरावण व त्याचा पुत्र अहिरावण असे दोघे कल्पिले. मराठीत अही आणि मही ही जोडी रूढ झाली, इतकी की 1935 साली ‘प्रभात’ने ‘चंद्रसेना’ हा बोलपट याच आख्यानावर काढला. थाई कथेत मात्र राक्षस एकच आहे, आणि ‘मैयराप’ हे नाव दक्षिणेतील ‘मैरावण’ या रूपाशी अधिक जुळते. कन्नड यक्षगानातील ‘मैरावण काळग’ या आख्यानाचा नायकही तोच. श्रीधराचे नाझरे कन्नड मुलखापासून फार दूर नाही. तेव्हा पंढरपूरच्या पोथीतील अही-मही आणि अक्कलकोटपलीकडचा मैरावण यांच्यातील पाठभेद प्रथम मांडावे लागतील. बँकॉकच्या मैयरापाशी तुलना त्यानंतरची.