बिदर-कलबुर्गी सीमाभागातील बेरोजगारी : वर्गीकरण व उपाययोजनांची चिकित्सा

प्रचलित मजुरीवर काम करण्याची इच्छा व क्षमता असूनही काम न मिळणे म्हणजे बेरोजगारी, अशी अर्थशास्त्रातील रूढ व्याख्या आहे. मात्र सरकारी पाहणीच्या 'चालू साप्ताहिक स्थिती' या पद्धतीत आठवड्यात केवळ एक तास काम केलेली व्यक्तीही रोजगारप्राप्त गणली जाते. त्यामुळे बिदर व कलबुर्गी या जिल्ह्यांतील बेरोजगारीचे खरे स्वरूप आकड्यांत दिसत नाही.

१) हंगामी व प्रच्छन्न बेरोजगारी : भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील शेती मुख्यत्वे पावसावर अवलंबून आहे. जून-जुलैत पेरलेली तूर डिसेंबर-जानेवारीत निघते. त्यानंतर शेतमजुराला गावात फारसे काम उरत नाही. तिघांचे काम पाचजण करतात, तेथे दोघांची बेरोजगारी कुटुंबातच लपते.

२) संरचनात्मक बेरोजगारी : कलबुर्गीची निजामकालीन महबूबशाही कापड गिरणी बंद पडली. बिदरच्या बिदरी कलेला २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु मानांकनाने नावाचे रक्षण होते, बाजारपेठ मिळतेच असे नाही.

३) सुशिक्षित बेरोजगारी : पदवीधरांची नजर सरकारी नोकरीवर असते, कारण स्थानिक उद्योग अल्प आहेत.

नंजुंडप्पा समितीने २००२ च्या अहवालात राज्यातील ३९ तालुके अतिमागास ठरविले. त्यांपैकी २१ गुलबर्गा विभागातील होते. पुढे २०१२ च्या ९८ व्या घटनादुरुस्तीने कलम ३७१ (जे) आले व स्थानिकांना शिक्षणात आणि सरकारी नोकऱ्यांत राखीव जागा मिळाल्या. ही तरतूद महत्त्वाची आहे. तथापि तिचा लाभ प्रामुख्याने तिसऱ्या प्रकाराला होतो. २००६ मध्ये पहिल्या टप्प्यातच या दोन्ही जिल्ह्यांत लागू झालेल्या रोजगार हमीने वर्षाला १०० दिवसांचे काम देऊ केले. तो पहिल्या प्रकारावरील उपाय होता. दुसऱ्या प्रकारासाठी, म्हणजे हातात कसब असून काम गमावलेल्या कामगार-कारागिरांसाठी, तेवढ्या व्याप्तीची योजना दिसत नाही.

या उणिवेची किंमत केवळ बुडालेल्या उत्पादनात मोजता येत नाही. मजूर हैदराबाद, पुणे, मुंबईकडे जातो, तेव्हा सोबत नेलेल्या मुलांची शाळा मध्येच सुटते. कारागिराचा मुलगा दुसरीकडे वळला की पिढ्यांचे कसब संपते. शाळा सुटलेले मूल उद्याचा अकुशल मजूर बनते आणि बेरोजगारीच पुढील बेरोजगारीचे कारण ठरते. म्हणून उपाय ठरविण्यापूर्वी बेरोजगारीचा प्रकार ओळखणे अगत्याचे आहे.