‘तांत्रिक बिघाड’ : विमान-इंजिनाचे तुटलेले पाते आणि मराठी वृत्तभाषा

प्रस्तावना :
तुळजापूर आगारातून निघालेली एस.टी. वाटेत थांबली, तर ‘पाटा तुटला’ किंवा ‘पट्टा तुटला’ असे नेमके कारण प्रवाशांना चालकाकडून कळते. विमान मात्र अर्ध्या वाटेवरून परतले की मराठी वृत्तपत्रांत बहुधा ‘तांत्रिक बिघाड’ एवढाच शब्दप्रयोग आढळतो. हा शब्द चुकीचा नाही. परंतु तो कारण आणि उत्तरदायित्व ही दोन्ही झाकतो. प्रॅट अँड व्हिटनी कंपनीची इंजिने बसविलेल्या ए320निओ विमानांच्या 2019-20 मधील प्रकरणाच्या आधारे या शब्दाची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पाते तुटते तेव्हा :
छताच्या पंख्याचे एक पाते वाकले तरी त्याचा दांडा डोलू लागतो, हा सर्वपरिचित अनुभव आहे. विमान-इंजिनाच्या फिरत्या भागास, म्हणजे रोटरला, हेच तत्त्व कितीतरी मोठ्या प्रमाणावर लागू होते. पाते तुटताच रोटरचे संतुलन ढळते आणि त्याच्या अक्षावर एकतर्फी ओढ बसते. ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाल्यास ती चौपट होते. तिचे धक्के बेअरिंगमधून इंजिनाच्या आवरणाकडे व तेथून विमानाच्या पंखाकडे जातात. वैमानिकास कंपनदर्शकावर जे दिसते, ते याच असंतुलनाचे रूप होय. इंजिन बंद केल्यावरही वाऱ्याच्या झोताने रोटर फिरत राहतो, त्यामुळे कंपन लगेच थांबेलच असे नाही.

उपरोक्त प्रकरणात पाती तुटली ती पुढच्या मोठ्या पंख्याची नव्हेत, तर मागील बाजूच्या कमी दाबाच्या टर्बाइनच्या तिसऱ्या टप्प्यातील. गिअरच्या योजनेमुळे ही टर्बाइन पंख्याच्या सुमारे तिप्पट वेगाने फिरते. उपाय म्हणून अधिक आघात सोसणाऱ्या मिश्रधातूची पाती असलेली सुधारित टर्बाइन पुरविण्यात आली.

मुदतीचा प्रश्न :
ऑक्टोबर 2019 च्या अखेरीस नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, 2,900 तासांहून अधिक वापर झालेली इंजिने असलेल्या इंडिगोच्या 16 विमानांत किमान एक सुधारित इंजिन 15 दिवसांत बसविण्याचा आदेश दिला. दोन्ही जुनी इंजिने एकाच उड्डाणात निकामी होण्याचा धोका टाळणे, हा त्यामागील तर्क होता. 1 नोव्हेंबर रोजी व्याप्ती वाढवून 97 विमानांची सर्व इंजिने 31 जानेवारी 2020 पर्यंत बदलण्यास सांगण्यात आले. जानेवारीत ही मुदत 31 मे पर्यंत वाढविली गेली. त्याच महिन्यात, 23 तारखेस, मुंबईहून हैदराबादला निघालेले इंडिगोचे विमान इंजिन बिघडल्याने मुंबईस परतले.

मुदतवाढीच्या बाजूनेही युक्तिवाद करता येतो. सुधारित इंजिनांचा पुरवठा मर्यादित होता आणि एवढी विमाने एकदम थांबविल्यास वाहतूक कोलमडली असती. तथापि मुदत धोक्याच्या मापाने ठरावी की पुरवठ्याच्या सोयीने, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. तो सार्वजनिक चर्चेचा विषय आहे. ‘तांत्रिक बिघाड’ हा शब्द नेमका तेथेच अपुरा पडतो. कारण धातूची निवड, तपासणीचे वेळापत्रक आणि मुदतवाढ हे माणसांनी घेतलेले निर्णय असून, हा शब्द त्यांना यंत्राच्या लहरीचे रूप देतो.

निष्कर्ष :
पाते, असंतुलन, कंपन हे शब्द मराठीत रुळलेले आहेत. तेव्हा उणीव शब्दसंपत्तीची नसून जिज्ञासेची आहे. पहिल्या वार्तेच्या वेळी कारण अज्ञात असणे स्वाभाविक होय, मात्र चौकशीनंतर ते वाचकापर्यंत पोहोचविणे वृत्तपत्राचे कर्तव्य ठरते. भाषा व विज्ञान या दोन्ही विभागांच्या प्राध्यापकांनी अशा वार्तांचे वाचन वर्गात एकत्रितपणे घडवून आणणे इष्ट ठरेल. एस.टी.च्या प्रवाशास ज्या नेमकेपणाने कारण कळते, त्या नेमकेपणावर विमानाच्या प्रवाशाचाही अधिकार आहे.