'व्यपगत' आरक्षणे आणि नगरसेवक

नगरांच्या विकास आराखड्यांवर टीका करताना, नगरसेवकाची मुदत पाच वर्षांची आणि आराखडा वीस वर्षांचा, या विसंगतीवर बोट ठेवण्याचा प्रघात आहे. विसंगती खरी आहे. पण तेवढ्याने दोषाची मीमांसा होत नाही. वीस वर्षांच्या कामात पाच वर्षांच्या सभासदाचा वाटा कोणता, हे आधी पाहिले पाहिजे.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 याने त्याला वाटा दिला आहे. हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. अंतिम मंजुरी मात्र शासनाची. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा शासनाने 2015 साली महानगरपालिकेकडून काढून घेतला व जानेवारी 2017 मध्ये मंजूर केला. अशा प्रसंगी वाद पुष्कळ गाजतो. माझ्या मते नगरसेवकाची खरी कसोटी तेथे लागत नाही.

भाषेच्या अभ्यासकाला या व्यवहारातील तीन क्रियापदे उद्बोधक वाटावीत. भूखंडावर आरक्षण 'टाकतात', ते 'उठवतात', आणि ते 'व्यपगत होते'. पहिल्या दोहोंत कर्ता कोण, असे विचारता येते, आणि वृत्तपत्रे विचारतातही. तिसरे क्रियापद अकर्मक. जणू फळ आपोआप गळून पडावे! प्रत्यक्षात कलम 127 असे की, आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित न झाल्यास मालकाने सूचनापत्र द्यावे, आणि पुढील 24 महिन्यांत संपादनाची पावले न पडल्यास आरक्षण संपावे. दहा वर्षे म्हणजे दहा अंदाजपत्रके. क्रीडांगणासाठी संपादनाची तरतूद कापून ती रक्कम प्रभागातील पदपथांच्या फरशांकडे वळविली, तर त्या ठरावात आराखड्याचे नावही येत नाही. आणि तरीही आराखड्यात केलेला तो बदलच असतो. 'व्यपगत' या शब्दाआड दडलेला कर्ता येथे सापडतो.

तो एकटा नगरसेवक नव्हे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. अंदाजपत्रक प्रथम आयुक्त मांडतो, आणि भूसंपादनाचा मोबदला भारी असतो. परंतु त्यात फेरफार करण्याचा अधिकार स्थायी समितीला व सभेला आहे. म्हणून या विषयाच्या संशोधकाने सभावृत्तांतातील भाषणे वाचण्याआधी जुनी अंदाजपत्रके आणि आरक्षणांची यादी शेजारी शेजारी ठेवून वाचावीत.