‘परत देणं’ म्हणजे नेमकं काय?

इंग्लंडमधल्या खासगी शाळा आपल्या परिसराला काय ‘परत देतात’, याचे अहवाल दरवर्षी निघतात. एखादा चाळून बघा. शेजारच्या सरकारी शाळेला पोहण्याचा तलाव वापरू दिला, फिजिक्सचा शिक्षक पाठवला, ऑक्सफर्डच्या मुलाखतीची तयारी करून घेतली. फोटो छान, उपक्रमांची बेरीज मोठी. सरकारी शाळेने मुळात काय मागितलं होतं, हे मात्र त्यात शोधावं लागतं.

मला खटकतो तो ‘परत’ हा शब्द. परत द्यायचं तर आधी काहीतरी घेतलेलं असायला हवं ना?

हॅरोचंच बघा. १५७२ मध्ये जॉन लायन नावाच्या शेतकऱ्याला पहिल्या एलिझाबेथ राणीकडून शाळेची सनद मिळाली. नावच ‘फ्री ग्रामर स्कूल’, गावच्या मुलांना फुकट शिकवण्यासाठी. बाहेरगावच्या मुलांकडून फी घ्यायची मुभा होती, आणि हळूहळू फी भरणारेच शाळाभर झाले. गावकरी कोर्टात गेले आणि १८१० मध्ये हरले. पुढे १८७६ मध्ये स्थानिक मुलांसाठी वेगळी शाळा निघाली. आज तीही फी घेणारी खासगी शाळाच आहे! (नेहरू १९०५ मध्ये हॅरोला आले, ते अर्थात बाहेरगावच्यांच्या रांगेतून.)

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. लायनने लंडनकडे येणाऱ्या रस्त्यांच्या डागडुजीसाठी जमीन ठेवली होती. तिचं उत्पन्न १९९१ पासून लंडनच्या नऊ भागांतल्या मुलांसाठी आणि तरुणांसाठी खर्च होतं. हे काम भरीव आहे. पण तो पैसा रस्त्यांचा, शाळेच्या फीचा नव्हे.

कायद्याने तरी काय केलं? शिक्षण देता म्हणजे लोकहित आलंच, हे गृहीतक २००६ च्या कायद्याने काढलं. मग २०११ मध्ये न्यायाधिकरणाने सांगितलं की गरिबांसाठी नावापुरतं काहीतरी करून चालणार नाही. पण त्यापलीकडे किती आणि कसं, ते शाळेच्या विश्वस्तांनी ठरवावं. म्हणजे देणाराही तोच आणि माप धरणाराही तोच.

जानेवारी २०२५ पासून फीवर २० टक्के व्हॅट लागला, एप्रिलपासून इंग्लंडमध्ये बिझनेस रेट्सची सवलतही गेली. आता बर्सऱ्या आणि उपक्रम कमी करावे लागतील, असा सूर या शाळांकडून ऐकू येतो. अडचण खरी असेल, विशेषतः लहान शाळांची. पण सवलत गेल्यावर देणंही आटत असेल, तर ते दान होतं की सवलतीचा मोबदला?

आणि आपण मराठी पालक काही काठावर उभे नाही. इलेव्हन-प्लसचे क्लास लावतो, कुणाच्या मुलीला बर्सरी मिळाली की ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडतो. पडावाच, त्या घरासाठी ती फार मोठी गोष्ट असते. पण ती मुलगी ज्या वर्गातून उठून गेली, त्या वर्गाला काय मिळालं? अहवालात बर्सरीची नोंद परिसराच्या खात्यावर जमा होते, तिथून गेलेलं कुणी वजा करत नाही. पुढच्या अहवालात निदान एक पान शेजारच्या सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकांना लिहू द्या, आणि ते न कापता छापा.